परबवहिनींची खिरापत

बोरीवली पश्चिमेला वजिरा नाक्याच्या गणपतीवरून पुढे आलं की ‘नवसंजीवन’ नावाचा एक टॉवर लागतो. कुणालाही पत्ता विचारा, ‘जुन्या गिरणीच्या मागे’ असंच सांगतील. ती पिठाची गिरणी जाऊन जमाना झाला, तिथे आता दातांचा दवाखाना आहे, पण आपल्या माणसांचं असं आहे की दळण बंद झालं तरी पत्ता बंद होत नाही. या टॉवरच्या सहाव्या मजल्यावर लवू परब राहतात. गेटवर लवू परब म्हणाल तर वॉचमन डोकं खाजवत बसेल. खिरापतवाल्या परबवहिनी म्हणा, तो स्वतः उठून लिफ्टचं बटण दाबेल.

ही कीर्ती वहिनींनी एका झाकलेल्या डब्यावर मिळवलेली आहे. घट बसले की नवसंजीवनमध्ये भोंडला सुरू होतो तो कोजागरीपर्यंत चालतो. मधोमध पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी ज्या घराची पाळी असेल त्या घराने खिरापतीचा डबा आणून ठेवायचा. झाकण न उघडता आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. गोड की तिखट, कोरडं की ओलं, असं वाटेल ते विचारावं, डबा हलवून बघावा. घरच्यांनी मात्र विचारलं तेवढंच सांगायचं, नाव फोडायचं नाही. ओळखलं तर खायचं आणि नाही ओळखलं तरी खायचंच, पण न ओळखलेल्या खिरापतीचा मान वेगळा. कोजागरीचा शेवटचा भोंडला परबवहिनींचा, आणि त्यांची खिरापत आजवर एकदाही कुणी ओळखलेली नाही.

गंमत अशी की वहिनींच्या माहेरी भोंडलाच नाही. त्या कुडाळच्या बाजूच्या. तिकडे गणपतीत फुगड्या घालतात, त्याही जमीन हादरेल अशा. लग्न होऊन त्या लालबागला आल्या. सासरे कापडगिरणीत, नवरा बेस्टच्या डेपोत मेकॅनिक, आणि सासू म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीतली कलेक्टर. इथे बस, तिथे उभी राहा, फुगडीला चल म्हटलं की हातातलं टाकून चल. वहिनी चालल्या. पण तेव्हाच त्यांनी मनाशी गाठ मारली होती, की आपण सासू झालो तर सुनेला कशालाही ‘चल’ म्हणायचं नाही. तिला यायचं असेल तर ती आपल्या पायांनी येईल.

मग पै पै जमवून बोरीवलीला घर घेतलं. शेजार मिळाला लिमयांचा. शुभाताई लिमये शाळेतल्या बाई, स्वभावाने सरळ, बोलायला फटकळ, आणि भोंडल्याच्या सर्वेसर्वा. त्यांचं नाक असं की जिन्यात उभं राहून कुणाच्या घरी फोडणीला जिरं पडलं आणि कुणाकडे मोहरी, ते सांगतील. नव्या शेजारणीला त्यांनी हाताला धरून फेरात आणलं आणि कोजागरीची पाळी दिली. वहिनींनी खापरोळ्या केल्या, नारळाच्या गोड रसात बुडवल्या आणि डबा नेऊन ठेवला. शिऱ्यापासून साटोरीपर्यंत सगळं म्हणून झालं, शुभाताईंचं नाक थकलं, तरी काही कळेना. झाकण उघडल्यावर शुभाताईंनी दोन खापरोळ्या खाल्ल्या, तिसरी घेतली आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघते तुला.

ते ‘पुढचं वर्ष’ अजून चालूच आहे. शिरवाळे झाले, सातकापी घावणे झाले, खटखटे लाडू झाले. शुभाताई दरवर्षी बघत राहिल्या आणि वहिनी दरवर्षी त्यांच्या नाकावर टिच्चून जिंकत राहिल्या. दरम्यान जुनी बिल्डिंग पडली, टॉवर उभा राहिला, लिमये शेजारचे होते ते बरोबर डोक्यावर, सातव्या मजल्यावर गेले. शुभाताईंच्या गुडघ्याची वाटी बदलली, तरी फेरात खुर्ची टाकून त्या बसतात आणि टाळ्या वाजवतात. त्या दोघींची मैत्री अशी की एकीला ताप आला तर दुसरी पेज घेऊन येते, पण आश्विन लागला की बोलणं जपून.

आश्विनात नवसंजीवनमध्ये हेरगिरी चालते हे कुणाला सांगून पटणार नाही. परबांकडे नारळ किती गेले, हे नारळवाल्याला विचारलं जातं. भाजीवालीला चहा पाजला जातो. म्हणून वहिनी सामान आणायला कधी दहिसरला जातात, कधी कांदिवलीला. गणपती उठले की त्यांची तालीम सुरू होते. स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, आत करून बघायचं, नाही जमलं तर मुकाट्याने स्वतःच खाऊन टाकायचं. लवूभाऊंना नाही, मुलगा सुशांतला नाही, घरातल्या कुणालाही आत प्रवेश नाही. कारण लवूभाऊंच्या पोटात काही राहत नाही, ना जेवण ना गुपित. घरच्यांना त्या बंद दाराची इतकी सवय झाली होती की आश्विनात पाणीसुद्धा ते बाहेरच्या माठातलं प्यायचे.

यंदा मात्र वहिनींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याला कारणं दोन, आणि पहिलं अगदी साधं, पदार्थ संपले होते. सोसायटीत जन्मलेल्या पोरींनी मालवणी पदार्थ पाढ्यासारखे पाठ केले होते. वहिनींचा डबा दिसला की त्या एका दमात घडाघडा म्हणत सुटायच्या. एक धोंडस तेवढं राहिलं होतं. तवसं, म्हणजे ती मोठी जून काकडी, किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. हुकमाचा शेवटचा एक्का वहिनींनी इतकी वर्षं राखून ठेवला होता.

दुसरं कारण होतं दिशा. सुशांतचं लग्न मे महिन्यात झालं. मुलगी घाटकोपरची, गुजराती, त्याच्याच ऑफिसातली. मराठी फर्डं बोलायची, हसरी होती, लवूभाऊंना तर तिने आठवड्यात खिशात घातलं. वहिनींनाही ती मनापासून आवडली होती. पण गणपतीनंतर काय झालं कोण जाणे, पोर मिटून गेली. ऑफिसातून आली की खोलीत. नवरात्रात रोज संध्याकाळी घागरा घालून घाटकोपरला गरब्याला, ते थेट माहेरी राहून दुसऱ्या दिवशी परत. वहिनींना आतून फार वाटत होतं की एकदा, एकच दिवस, सून भोंडल्याच्या फेरात आपल्या शेजारी उभी राहावी. शुभाताईंनी दोनदा विचारलंही, सूनबाई कुठे आहेत म्हणून. पण ‘चल’ म्हणायचं नाही ही गाठ त्यांची त्यांनीच मारलेली. कोजागरीलाही घाटकोपरला शरद पुनमेचा मोठा गरबा आहे, असं सुशांत बोलता बोलता बोलून गेला. वहिनींनी बरं म्हटलं आणि विषय बदलला. त्या रात्री त्यांच्या भाताला मीठ नव्हतं.

कोजागरीच्या आदल्या दिवशी त्या तवसं आणायला निघाल्या. बोरीवलीच्या बाजारात तवसं घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत शुभाताईंच्या कानावर गेलं असतं. त्यांची जुनी मैत्रीण सुनंदा मनोरीला राहते. दोघी एकेकाळी कांदिवलीच्या औषधकंपनीत पॅकिंगला शेजारी बसायच्या. सुनंदाच्या परसात मांडवावर तवशी लागली होती. बोरीवलीचं माणूस मनोरीला जातं ते गोराईच्या जेट्टीवरून, आणि त्या जेट्टीवर ओळखीचं कुणी भेटणार नाही असं होत नाही. म्हणून वहिनी उलटा वळसा घालून मालाडला गेल्या, तिथून मार्वेची बस धरली आणि मार्वेच्या जेट्टीवरून फेरीबोटीत चढल्या. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं, पण खाडीवर वारा होता, आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. बोटीत दोन स्कूटर, पाट्या घेतलेल्या कोळणी आणि कुणाच्या तरी घरी वास्तुशांतीला चाललेले भटजी. इतके दिवस घरात कोंडलेला जीव वहिनींना तिथे जरा मोकळा झाल्यासारखा वाटला.

सुनंदाने जेवल्याशिवाय सोडलं नाही. चांगलं हातभर लांब, पिवळंजर्द तवसं तिने वहिनींच्या पिशवीत घातलं, आणि ते पिशवीत मावलं नाही. देठाकडचा भाग बाहेर राहिला. वहिनींनी त्यावर पदर घेतला आणि बोटीत बसल्या. मार्वेला उतरतात तो समोर ज्येष्ठ नागरिक संघाची सहल. टोप्या घातलेली वीसपंचवीस मंडळी, आणि सगळ्यांत पुढे हातात पाण्याची बाटली घेऊन बाळकाका लिमये, शुभाताईंचे यजमान. त्यांनी वहिनींना पाहिलं, मग पदर पाहिला, मग पदराखालचं ते पिवळं टोक पाहिलं. काकडी छान मिळाली का, एवढंच विचारलं आणि बोटीकडे गेले. वहिनी मालाडला पोचायच्या आत सोसायटीच्या भोंडला ग्रुपवर एका मोठ्या काकडीचं चित्र येऊन पडलेलं होतं. खाली शुभाताईंचा हसरा चेहरा.

धोंडस गेलं. घरी येऊन वहिनींनी तवसं ओट्यावर ठेवलं, सवयीने दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिल्या. इतक्या वर्षांची शान एका काकडीपायी गेली, आणि ज्या सुनेने ती शान बघावी असं वाटत होतं ती उद्या घाटकोपरला. बायामाणसं स्वयंपाकघरात रडतात ती कांद्याचं निमित्त करून. इथे कांदाही नव्हता. वहिनी तशाच रडल्या.

दिशा ऑफिसातून लवकर आली होती. आतून आवाज आला तशी ती दारापाशी थांबली. दार वाजवावं की नाही याचा तिने बराच विचार केला असावा, कारण ठोठावलं ते अगदी हळू. वहिनींनी डोळे पुसून दार सरकवलं. काय झालं म्हणून पोरीने विचारलं आणि वहिनींनी तवशाकडे बोट दाखवलं. मग सगळं सांगितलं, खापरोळ्यांपासून बाळकाकांपर्यंत. दिशा ऐकता ऐकता खाली फरशीवर बसली.

“म्हणजे दार यासाठी बंद असायचं?” तिने विचारलं.

“मग कशासाठी?”

“मला वाटलं, मी किचनमध्ये आलेली तुम्हाला चालत नाही. मम्मी, मी चहा करायला आले तर तुम्ही आत सगळं झाकून ठेवायचात. मला वाटलं, गुजराती मुलगी आहे, हिच्या हातचं नको असेल.”

या घरात गणपती उठले की दार लागतं हे लवूभाऊंना ठाऊक, सुशांतला ठाऊक, सातव्या मजल्याला ठाऊक. घरात नवीन आलेल्या एकटीलाच कुणी सांगितलं नव्हतं. सुनेला चल म्हणायचं नाही, एवढं मोठं व्रत त्यांनी सांभाळलं होतं, आणि तिच्या तोंडावर दार लावत होत्या. स्वतःची अशी लाज वहिनींना कधी वाटली नव्हती. त्या फरशीवर तिच्याजवळ बसल्या.

“गो बाय माझे,” त्या म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्याच्या तोंडाक कुलूप नाय, म्हणून ह्या दाराक कडी. तुझ्यासाठी नाय गो.”

दिशा आधी हसली आणि मग रडली, की आधी रडली, ते वहिनींनाही नीट आठवत नाही. चहा मात्र तिने केला. चहा पिताना वहिनींनी तिला विचारलं, की तुमच्याकडे कोजागरीला काय करतात. लग्नाला पाच महिने होत आले होते आणि हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. दिशाने सांगितलं, दूध-पौंआ. गार दुधात पोहे आणि साखर. पातळ फडकं बांधून चांदण्यात ठेवायचे. तिची बा, म्हणजे आजी, गच्चीवर पातेल्याजवळ राखण करत बसायची, कारण मुलं चंद्र उगवायच्या आत चमचे घेऊन हजर. एवढंच? वहिनींनी विचारलं. एवढंच, दिशा म्हणाली.

दोघींच्या एकदमच लक्षात आलं. पोह्यांना वास नाही. गार दुधाला वास नाही. आणि परबवहिनींच्या डब्यात नारळ नाही, गूळ नाही, हे नवसंजीवनमध्ये कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

“पण काकडीचं काय करायचं?” वहिनी म्हणाल्या.

“धोंडस करायचं,” दिशा म्हणाली. “उद्या सकाळपासून, दार उघडं ठेवून. आणि चिमणी फुल्ल. आपला डक्ट वर कुणाच्या किचनमधून जातो?”

वहिनींनी छताकडे पाहिलं. सुशांतने जन्मात एक काम अक्कलहुशारीने केलं असेल तर ते हे लग्न, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

कोजागरीला दिशाने सुट्टी टाकली. सकाळी तवसं किसलं, दुपारी गूळ विरघळला, जायफळ-वेलची पडली, आणि धोंडसाचा खमंग वास डक्टमधून सातव्या मजल्यावर रीतसर पोचता झाला. लवूभाऊ तीनदा येऊन डोकावून गेले. दार उघडं बघून त्यांना घर चुकल्यासारखं वाटत होतं. चारच्या सुमाराला शुभाताईंचा फोन आला. त्यांनी तब्येतीची चौकशी केली, हवेची केली, आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, प्रेमा, यंदा वाईट वाटून घेऊ नकोस हो. वहिनी कसनुसं ‘बरं’ म्हणाल्या. दिशा तोंडावर ओढणी धरून फ्रीजला टेकली होती. फ्रीजमध्ये दूध गार होत होतं.

वहिनींनी तेव्हाही तिला काही विचारलं नाही. सहा वाजता दिशा खोलीतून घागरा घालून बाहेर आली, तशी वहिनींना वाटलं, ही निघाली. घाटकोपर तर घाटकोपर, त्यांनी स्वतःला समजावलं, आजचा दिवस झाला हेच खूप. दिशाने डबा उचलून कडेवर घेतला.

“हे असं सोडून मी जाईन, असं वाटलं तुम्हाला? शुभाकाकूंचा चेहरा बघायचाय मला,” ती म्हणाली आणि लिफ्टकडे निघाली. वहिनी चपला उलट्या घालून मागोमाग गेल्या.

पार्किंगच्या वरच्या पोडियमवर घसरगुंडीच्या बाजूला पाट मांडला होता. हत्तीला झेंडूची माळ होती. नॅशनल पार्कच्या डोंगरावरून चंद्र वर आला आणि दोन टॉवरच्या मधल्या फटीत येऊन लिंबासारखा पिवळा दिसायला लागला. फेर सुरू झाला. दिशाला गाणी येत नव्हती, पाय मात्र गरब्याचे; बाकीच्या एक पाऊल टाकायच्या तिथे ती मध्येच एक गिरकी घालायची. दुसऱ्या फेरीला तिच्या मागच्या पोरींनीही गिरकी घातली. शुभाताईंनी खुर्चीवरून डोळे वटारले, पण ताल चुकत नाही असं बघून टाळी तशीच चालू ठेवली. वहिनींचा हात दिशाच्या हातात होता. इतक्या वर्षांत गाण्याचा एक शब्द कधी न चुकलेल्या वहिनी त्या दिवशी दोन कडवी गाळून पुढे गेल्या.

मग डबा मध्ये आला. एरवी गलका करणाऱ्या पोरी गप्प होत्या. मान शुभाताईंचा, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. बाळकाका मोबाइल सरसावून उभे होते. शुभाताई सावकाश उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “धोंडस.”

वहिनींनी मान हलवली. नाही.

शुभाताई हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हे खरंच नाही म्हणतायत. कोरडं की ओलं, त्यांनी विचारलं. ओलं. गरम की गार? गार. पोरींनी पाढा सुरू केला, तो शेवटपर्यंत म्हणून झाला, सगळ्याला नाही. शुभाताईंनी डबा कानाशी धरून हलवला, नाक लावलं, पुन्हा लावलं. नारळाचा रस आहे का? नाही. खोबरं? नाही. गूळ तरी? तोही नाही. पोडियमवर खळबळ माजली. खोबऱ्याशिवाय परबवहिनी म्हणजे काय, हेच कुणाला कळेना. लवूभाऊ कडेला उभे राहून ज्याला त्याला शपथेवर सांगत होते, की मी दिवसभर वास घेतलाय, धोंडसच आहे. शेवटी शुभाताईंनी दोन्ही हात वर केले आणि खुर्चीत बसल्या.

झाकण काढलं, फडकं सोडलं. चांदण्यात पांढरंशुभ्र दूध आणि वर फुगलेले पोहे. मग जे हसू फुटलं ते खाली गेटपर्यंत ऐकू गेलं. शुभाताईंनी चमचाभर तोंडात घेतलं, डोळे मिटले, आणखी एक चमचा घेतला. वर आमच्या किचनमध्ये तो वास सोडला कुणी, हे त्यांना विचारायचंच होतं, पण दिशाचा चेहरा बघून न विचारताच कळलं.

“छान आहे गं,” त्या म्हणाल्या. “पण प्रेमा, हे मालवणकडचं नाही. कोणाकडचं आणलंस?”

“आमच्याकडचं,” वहिनी म्हणाल्या.

“तुमच्याकडे मी तीस वर्षं खातेय. हे कधी होतं?”

“यंदापासून. आमच्याकडे यंदापासून कोजागरीला हेच असतं.”

दिशा वाट्या मांडत होती, ती थांबली. वहिनींच्या हातातला डाव तिने काढून घेतला आणि वाढायला लागली. धोंडसही वरून आलं, ते लवूभाऊंनी स्वतः आणलं आणि त्यातलं निम्मं लिफ्टमध्येच कमी झालं होतं. तेवढ्यात घाटकोपरहून फोन आला. आई विचारत होती, अजून निघाली कशी नाहीस, गरबा सुरू झाला. दिशाने फोन खांद्याशी धरून एका हाताने वाढत वाढत गुजरातीत काहीतरी भराभर सांगितलं. वहिनींना त्यातलं फारसं कळलं नाही. ‘अमारे त्यां’ एवढं कळलं, कारण ते दोनतीनदा आलं. आमच्याकडे आज भोंडला आहे, असं ती आईला सांगत होती. वहिनींनी आपली वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, माका जरा जास्त घाल.